दोन वाजताची रिलीव्हर

सोमवार, ३

ही वही मी विकत घेतलेली नाही आणि मागितलेलीही नाही. काळजी-साहाय्य कार्यालयातून आलेल्या बाईंनी ती आज माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "काका, तीन आठवडे लिहा. अगदी मनातलं लिहा. आणि पानाच्या तळाशी हा रकाना आहे ना, 'आजची गरज', तो तेवढा भरा. चोवीस तारखेला सकाळी अकराला मी येईन, वही बघेन, मग तुम्हाला काय मदत द्यायची ते ठरेल."

बाई अंगानं काडी आहेत आणि दोन कागद एकत्र दिसले की त्यांना टाचणी टोचल्याशिवाय राहवत नाही. अर्ध्या तासात त्यांनी आमच्या घरात नऊ टाचण्या खर्ची घातल्या. म्हणून यापुढे त्यांचं नाव टाचणीबाई.

आता वहीबद्दल. मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. आधी जुळारी, म्हणजे एकेक खिळा जुळवून मजकूर उभा करणारा, आणि शेवटची बारा वर्षं फोरमन. आमच्याकडे पुस्तकं-बिस्तकं नाहीत, नुसते फॉर्म छापायचे. जन्माचे, मृत्यूचे, रजेचे, हरवल्याचे, सापडल्याचे. त्यामुळे डॉक्टर जिभेकडे बघतात तसा मी फॉर्मकडे बघतो. या वहीचा समास वाकडा आहे. रेघ मधेच पुसट झाली आहे. आणि 'आजची गरज' हा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. ज्याला खरोखर गरज आहे त्याला तो पुरायचा नाही आणि मला तो लागायचा नाही. कोणाच्या सोयीसाठी आखला आहे देव जाणे.

घरात आम्ही दोघं. ही, म्हणजे माझी बायको, छत्तीस वर्षं इस्पितळात होती. सिस्टर म्हणून लागली, मेट्रन होऊन निवृत्त झाली. चार वर्षांपूर्वी हिचं विसरणं सुरू झालं. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. आता आमचं घर म्हणजे हिचा वॉर्ड. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या तीन जागा म्हणजे खाट एक, दोन, तीन. खिडकीजवळची माझी खुर्ची चार नंबर. एक ते तीनची प्रकृती स्थिर आहे, कारण तिथं कोणी नाही. चार नंबरचा पेशंट मी. मला ही 'आजोबा' म्हणते. जन्मभर 'अहो' म्हणाली, आता आजोबा. बढती म्हणायची.

मुलगी दूरच्या शहरात असते. तिनं आईसाठी एक संस्था बघून ठेवली आहे. त्यांचं गुळगुळीत कागदावरचं पत्रक पाठवलंय. बाग, कारंजं, आणि दात दाखवणारे म्हातारे. आत बारीक टायपात लिहिलंय की पहिला महिना नातेवाइकांनी भेटायला येऊ नये, पेशंटला रुळायला वेळ द्यावा. महत्त्वाचं ते बारीक टायपात टाकायचं ही युक्ती आमच्याच धंद्यातली, मला कोण फसवणार. मुलीनं स्वच्छ सांगितलंय, "बाबा, तुम्हाला झेपत नाही असं कार्यालयानं लिहून दिलं ना, की मी आईला तिथं नेणार. मग वाद नको." तीस तारखेला ती येते आहे.

म्हणजे मामला सरळ आहे. मी गरज लिहिली की ही गेली. तेव्हा ही वही मी कोणाला दाखवणार नाही. त्यांना फक्त रकान्यांची सुबक नक्कल काढून देईन. वर मात्र वाट्टेल ते लिहीन.

आजची गरज: काही नाही.

मंगळवार, ४

वॉर्डचा एक नियम लिहून ठेवतो. इस्पितळात सिस्टरची पाळी दुपारी दोनला संपते. पण पुढची सिस्टर, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. ती येणार, हिनं तिला प्रत्येक खाटेपाशी नेऊन चार्ज द्यायचा, मगच घर गाठायचं. नाही आली तर उभं राहायचं. ही एकदा सलग तीन पाळ्या उभी होती, पावणेतीन वर्षांची मुलगी माझ्या गळ्यात टाकून.

तर आता रोज दोनला ही दारापाशी जाऊन उभी राहते. "माझी रिलीव्हर कुठंय?" आधी मी समजावून पाहिलं. तिथं ही संध्याकाळपर्यंत उभी राहिली, पाय सुजले. तेव्हापासून मीच रिलीव्हर. खांद्यावर टॉवेल टाकायचा, स्वयंपाकघरातून एक चक्कर मारून यायचं आणि म्हणायचं, "आले हं सिस्टर." ही मला वरपासून खालपर्यंत बघते, उशिराबद्दल झापते आणि चार्ज देते.

गंमत अशी की चार नंबरचा चार्जही मलाच मिळतो. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून ही म्हणते, "यांच्याकडे लक्ष ठेवा. बोलत नाहीत, पण सगळं ठीक नाहीये."

मी "हो सिस्टर" म्हणतो. स्वतःची चुगली ऐकून घ्यायची वेळ सगळ्यांवर येत नाही.

हिचा हात कामात राहावा म्हणून मी छापखान्यातली क्लिपची पाटी दिली आहे आणि जुने वाया गेलेले फॉर्म, मागून कोरे. त्यावर ही चार्ट लिहिते. पाटी माझ्या खुर्चीला अडकवलेली असते. पहिल्या दिवशी मी वाकून पाहिलं होतं. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'खाट ४. नाव: माहीत नाही.' त्यानंतर मी पाटी कधी वाचली नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे मजकूर वाचले, एक नाही वाचला तर काय बिघडतं?

आजची गरज: काही नाही.

गुरुवार, ६

माझ्या हर्नियाला आज डॉक्टरांकडे नेलं. सोबत हीसुद्धा. घरी कोणाजवळ ठेवणार?

बाहेर बाकावर आठ जण होते. हिनं पाच मिनिटांत त्यांची फेरी घेतली. एकाला पाय खाली सोडायला लावले, एका बाईचं लहान मूल उभं धरून ढेकर काढून दिली. आमचा नंबर आला तेव्हा लोक डॉक्टरांना सोडून हिलाच विचारत होते.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी सांगितलं होतं. आता महिन्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. आतडं अडकलं तर धावपळ होईल, आणि धावायला तुमच्याकडे कोण आहे? दहा दिवस आराम, नंतर दोन महिने वजन उचलायचं नाही."

मी म्हटलं, "बरं."

"घरी कोण बघेल?"

"आहे की. मेट्रन आहे."

डॉक्टर हसले नाहीत. ही त्यांच्या टेबलावरचे कागद सारखे करत होती. हिचं वजन बासष्ट किलो, न्हाणीघरातल्या स्टुलावरून हिला दिवसातून दोनदा उठवावं लागतं. दोन महिने हिनं स्टुलावरच बसून राहावं असं डॉक्टरांचं म्हणणं असेल. मी हर्नियाचा कमरेचा पट्टा आणखी एक भोक घट्ट केला. काम भागतं.

आजची गरज: काही नाही. पट्टा आहे.

रविवार, ९

मुलीचा फोन. दर रविवारी साडेदहाला येतो.

"बाबा, कसे आहात?"

"ठणठणीत."

"आवाज असा का येतोय?"

"फोन जुना आहे."

तिनं या महिन्यात तीन वस्तू पाठवल्या. दार उघडलं की किंचाळणारं यंत्र, जे हिच्याऐवजी मलाच घाबरवतं. वार आणि तारीख मोठ्या अक्षरांत दाखवणारं घड्याळ, ज्याच्याकडे ही ढुंकून बघत नाही, पण मला उपयोगी पडतं. आणि 'काळजी घेणाऱ्याचा आनंद' की कायसं नाव असलेलं पुस्तक. मुखपृष्ठावर एक बाई म्हातारीच्या गालाला गाल लावून हसते आहे. दोघींचे केस विंचरलेले. तिथंच मला संशय आला.

मुलगी वाईट नाही. लांबून जेवढं दिसतं तेवढं बघते. लांबून काय दिसणार? मी जे दाखवतो तेच.

बुधवार, १२

कार्यालयाचा मेळावा होता. 'घरी काळजी घेणाऱ्यांसाठी विसाव्याचे दोन तास.' तीस खुर्च्या, पाच माणसं. उरलेले पंचवीस का आले नाहीत यावर कार्यालयानं खूप विचार केला म्हणे. मी सांगतो ना. विसाव्याला येताना घरच्या पेशंटला कोणाजवळ ठेवायचं, हा रकाना त्यांच्या फॉर्ममध्येच नाही. आम्ही पाच आलो त्यातले चौघं आपापले पेशंट घेऊन. पाचवा बाहेरून कुलूप घालून आला होता आणि सारखा घड्याळ बघत होता.

व्याख्याते टवटवीत होते. म्हणाले, "पहिली गोष्ट, स्वतःसाठी वेळ काढा."

मागून एक दाढीवाला म्हणाला, "कुठून?" तो आपल्या वडिलांना घेऊन आला होता. वडील त्याची बाही धरून बसले होते.

"फार छान प्रश्न," व्याख्याते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. दुसरा मुद्दा, छंद जोपासा. तिसरा, दीर्घ श्वसन. दीर्घ श्वसन चालू असताना ही उठली, व्यासपीठावर गेली, व्याख्यात्यांचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि म्हणाली, "बसा खाली. फार बोललात." सगळे हसले. दाढीवाला तर डोळे पुसेपर्यंत हसला. गेल्या वर्षात मी माणसांत बसून पहिल्यांदा हसलो असेन.

जाताना दाढीवाल्यानं फोन नंबर दिला. "काका, कधी नुसतं बोलावंसं वाटलं तर." मी खिशात घातला. मला काय बोलायचं असणार?

आजची गरज: मेळावे कमी करावेत.

शनिवार, १५

आज मी ओरडलो. ही अंघोळीला येईना. कपडे काढू देईना. "परके पुरुष वॉर्डात कसे?" म्हणून मला ढकललं, मी भिंतीवर आपटलो आणि जांघेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी हिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. जे बोललो ते लिहीत नाही. ही एवढंसं तोंड करून स्टुलावर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता.

मनगटावर माझी बोटं उमटली होती. मला माझी लाज वाटली. आताही वाटते आहे.

दोनला टॉवेल घेऊन गेलो. ही म्हणाली, "चार नंबरचे आजोबा आज ओरडले. त्यांना रागावू नका हं. दुखत असलं की माणूस ओरडतो."

मी "हो सिस्टर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रकाना आज कोरा.

मंगळवार, १८

दुपारी खुर्चीत डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही. जाग आली ती जळक्या वासानं. अंगावर चादर, पायातले मोजे काढून नीट घडी करून ठेवलेले, आणि हिची दोन बोटं माझ्या मनगटावर. ही माझी नाडी मोजत होती. तिकडे गॅसवर सगळं पाणी आटून गेलेलं, भांडं काळंठिक्कर, त्यात आमचे सहा चमचे. उपकरणं उकळायला ठेवली होती म्हणे.

मी उठायला लागलो तर हिनं खांदा दाबला. "पडून राहा. किती दिवसांनी झोपलात." घर पेटलं असतं तरी चार नंबरला उठू दिलं नसतं.

चमचे फेकून दिले. गॅसची खालची कळ आता मी लपवून बंद करतो. आता मी दुपारी झोपणार नाही, एवढाच काय तो बदल.

आजची गरज: चमचे, सहा.

शुक्रवार, २१

सोमवारी टाचणीबाई येणार. तयारी जोरात. नक्कल काढून झाली. 'काही नाही' एका आड एक तिरप्या अक्षरात लिहिलं, म्हणजे एकाच दिवशी बसून लिहिल्यासारखं दिसणार नाही. वेळ सकाळी अकराची मागून घेतली तीही विचार करूनच. अकराला ही शांत असते. पाहुण्यांपुढे तर अशी काही बोलते की लोक जिना उतरताना म्हणतात, "बाईंना काहीच झालेलं नाही, ह्यांनाच जास्त वाटतं." अकरा ते बारा हिनं मला साथ दिली की पुरे. दोनच्या आत बाई गेल्या पाहिजेत.

कपाटावरची ट्रंक सरकवताना कळ आली आणि मी जमिनीवर बसलो. मग आडवा झालो. उठता येईना. जमिनीवरून घर निराळंच दिसतं. सोफ्याखाली हिचा हरवलेला चष्मा सापडला, म्हणजे फायदाही झाला. ही उशी घेऊन आली, माझ्या डोक्याखाली सरकवली, गुडघे दुमडून दिले आणि शेजारी फरशीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं कळ ओसरली. एकदाही विचारलं नाही की मी कोण.

पट्ट्याला आता पुढची भोकं नाहीत. खिळ्यानं एक पाडलं.

आजची गरज: काही नाही.

सोमवार, २४

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

अकरा वाजले, बाई नाहीत. बारा वाजले. एक वाजला. पावणेदोनला घंटा वाजली, टाचणीबाई घामाघूम. आधीच्या घरी एक काकू पेशंटला धरून दारात बसल्या होत्या, त्यांना सोडून निघता आलं नाही म्हणे. मी मनात म्हटलं, झालं, बोंबललं.

बाईंनी फॉर्म काढला. एक्केचाळीस प्रश्न. मी रेल्वेच्या वेळापत्रकासारखी उत्तरं दिली. झोप? व्यवस्थित. भूक? उत्तम. मदतीला कोणी हवं वाटतं? छे. शारीरिक त्रास? नाही. नक्कल पुढे केली. त्यांनी चाळली आणि माझ्याकडे बघितलं.

"एकवीस दिवसांत एकदाही काही लागलं नाही, काका?"

"चमचे लागले होते. आणले."

त्या लिहीत होत्या, 'नाही, नाही, नाही,' आणि घड्याळात दोन वाजले. ही आतून आली. कधी नव्हे ते केस चापूनचोपून बसवलेले, छातीशी पाटी. टाचणीबाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र आणि हातातली फाइल बघितली आणि हिचा चेहरा सैल झाला. एवढा सैल झालेला मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"आलात सिस्टर? किती उशीर!"

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग उठल्या. "सॉरी सिस्टर. आधीच्या वॉर्डात अडकले."

"होतं असं. चला, चार्ज घ्या."

एक, दोन, तीन नंबर झाले. सोफ्याच्या उशा बाईंनीही गंभीर चेहऱ्यानं पाहिल्या. मग दोघी माझ्यापाशी आल्या. मी खुर्चीत. उठून स्वयंपाकघरात पळावं असं वाटत होतं, पण ही म्हणाली, "पडून राहा आजोबा," आणि पाटी वाचायला लागली. न अडखळता, वॉर्डातल्या त्या सपाट आवाजात. मी बाजूला बसून ऐकत होतो, जसा काही तिथं नाहीच.

"झोप नाही. डोळे लाल. जेवण उभ्यानं, दुसऱ्याला भरवून उरलेलं. उठताना उजव्या जांघेवर हात. विचारलं तर काही नाही म्हणतात. तीनदा विचारलं, तीनदा काही नाही. हर्निया असावा, डॉक्टरांना कळवणे. न्हाणीघरात नळ सोडून रडतात. नळ वाहतो पण बादली भरत नाही, यावरून ओळखावं. शनिवारी ओरडले. नंतर बराच वेळ हात बघत बसले होते. मंगळवारी दीड तास झोप, स्वतःहून. एकदा जमिनीवर पडले. यांना एकटं ठेवू नये."

टाचणीबाईंचा आवाज बदलला होता. "नातेवाईक कोणी, सिस्टर?"

"मुलगी लांब असते. बायको आहे म्हणतात." हिनं आवाज खाली आणला. "मी नाही पाहिली कधी. एकदासुद्धा आली नाही. आली ना, की बाहेर बोलावून सांगा तिला. म्हणावं, तुमचा माणूस थकलाय. बोलत नाही म्हणून काय झालं?"

मी चहा टाकतो म्हणून आत गेलो. नळ सोडला. आणि बंद केला. आता त्याचाही उपयोग राहिला नव्हता.

बाहेर आलो तर हिनं पाटी बाईंच्या हातात दिली होती आणि चपला शोधत होती. "निघते मी. घरी आमचे हे येतील छापखान्यातून. चहात साय चालत नाही त्यांना. मी गाळून दिला नाही तर तसाच ठेवून देतात."

मी हिच्याबरोबर जिना उतरलो. आमच्या इमारतीला एक फेरा मारून पुन्हा वर आलो. मी दोन पावलं पुढे जाऊन दार उघडलं आणि म्हटलं, "आलीस?"

"आज रिलीव्हर आली बाई एकदाची," ही म्हणाली, आणि चपला नेहमीच्या जागी काढल्या, दाराच्या डाव्या अंगाला. मग सोफ्यावर बसली आणि सहापर्यंत झोपली. मला ओळखलं असं मी म्हणणार नाही. उगाच आपल्याच तोंडी साखर घालायची सवय मला नाही.

टाचणीबाई गेल्या होत्या. टेबलावर चिठ्ठी होती, 'काका, चार्ट नेते आहे. परत आणून देईन.' माझी नक्कलही नेली होती. वर हिचा चार्ट, खाली माझे एकवीस 'काही नाही', आणि दोन्हीतून आरपार टाचणी घातली असणार. त्या बाईला मी ओळखतो.

गरज: हिला कोणी नेऊ नये.

बुधवार, २६

कार्यालयानं फॉर्म बाजूला ठेवून चार्ट ग्राह्य धरला. असं याआधी झालेलं नाही म्हणे. कसं होईल, पेशंटकडून आपल्या माणसाची तपासणी करून घ्यायचा रकाना कोणी आखलाच नव्हता. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले चार दिवस, दोन ते सहा, मदतनीस बाई. ऑपरेशनच्या दहा दिवसांसाठी हिला ठेवायला त्यांच्या विसावा केंद्रात जागा आहे का विचारलं. आहे, अकरा महिन्यांनी. माझ्या आतड्याला तसं कळवतो.

मग मुलीचा फोन आला, रविवार नसताना. टाचणीबाईंनी तिला चार्ट वाचून दाखवला होता.

"बाबा, माझ्याशी खोटं का बोललात?"

"तू तिला संस्थेत नेशील म्हणून."

"'मला झेपतंय' म्हणता आणि आवाज असा काढता. मला काय कळणार? म्हणून म्हटलं, निदान त्या कार्यालयापुढे तरी खरं बोलाल." मग म्हणाली, "मी रजा टाकते. दहा दिवस मी बघते आईकडे. नंतरचं नंतर."

'नंतरचं नंतर' हे शब्द बारीक टायपातले आहेत. पण या वेळी मी ते वाचून सही केली.

संध्याकाळी दाढीवाल्याला फोन लावला. काही खास बोललो नाही. त्याच्या वडिलांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता. वीस मिनिटं झाली बोलता बोलता.

रविवार, ३०

मुलगी कालच आली, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. आईनं तिला "नवीन लागलात का?" विचारलं. पोरगी बाथरूममध्ये गेली आणि नळ वाहू लागला. बादली भरत नव्हती. मी बाहेरून म्हटलं, "सगळं कळतं बरं का इथं." थोड्या वेळानं नळ बंद झाला. तिच्या बॅगेत संस्थेचं पत्रक आहे, उघडताना मी पाहिलं. तिनंही मला बघताना पाहिलं.

उद्या ऑपरेशन, आज संध्याकाळी भरती व्हायचं आहे. दुपारी दोनला मुलीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि सांगितलं, काय करायचं ते. ही तिला खाटा दाखवत फिरली. चार नंबरपाशी आली तेव्हा मी बॅग भरून तयार होतो.

"आजोबा, डिस्चार्ज का?"

"हो सिस्टर. दहा दिवस."

"घरी कोण आहे बघायला?"

"बायको आहे."

हिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इतके दिवस होती कुठं मग? भेटायला नाही आली ती?"

मुलगी पुढे सरकली, पण मी तिला हातानं थांबवलं.

"तिची ड्यूटी होती, सिस्टर," मी म्हणालो. "तिला रिलीव्हर मिळत नव्हती."

हिनं मान हलवली. छत्तीस वर्षांची सवय. "मग बरोबर आहे," म्हणाली. "सोडून कशी येईल?" आणि माझ्या शर्टाची वरची गुंडी लावून दिली.

आजची गरज: रकाना पुरत नाही. कृपया मागचं पान पाहावं.